पंचवीस हजार दोनशे एक

काजूचा हंगाम मला आवडत नाही. स्पष्टच सांगते. मार्च लागला की आमच्या डिचोलीच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या बाई जिन्यात थांबून लांब श्वास घेतात आणि म्हणतात, काय वास सुटलाय बोंडांचा, लहानपण आठवतं की नाही हो टीचर? आठवतं ना. म्हणूनच मी वर जाऊन जनेल, म्हणजे खिडकी, लावून घेते. लोकांना लहानपण आठवलं की डोळ्यांत पाणी येतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वय झालं, रक्तदाब आहे, डॉक्टर म्हणतात शांत राहा. राहते की. जून ते फेब्रुवारी राहते.

यंदा जनेल लावलं आणि आमच्या मूळ गावाहून, पार्स्याहून फोन आला. श्रीपादचा. माझ्या थोरल्या काकांचा हा नातू, मला आत्ये म्हणतो. एरवी गणपतीतसुद्धा आठवण नसते. बागेतली झाडं सुकायला लागलीत म्हणे. माणसांना दाखवून झालं, औषधं फवारून झाली, मग कोणाला तरी विचारलं तेव्हा असं निघालं की बागेच्या देवाचं, राखणदाराचं काहीतरी घरातल्या बाईमाणसाकडे राहिलंय. घरातलं बाईमाणूस म्हणजे मी. मी राखणदाराची एक काजूबी उचलली होती, भर खळ्यात, सगळ्यांदेखत. तेव्हा आता मी यावं, गाऱ्हाणं घालून घ्यावं आणि ती बी परत ठेवावी.

"आत्ये, एक बी ठेवची फकत," श्रीपाद म्हणाला. "तुझा काय जाता?"

माझं काय जातं. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की कोणी ते उच्चारलं तर मला त्या माणसाची सगळी वंशावळ डोळ्यांपुढे दिसते. फोन ठेवता ठेवता तो लाडात येऊन असंही म्हणाला की आजोबांचं कोडं मी अजून सगळ्यांना घालतो, पंचवीस हजार दोनशेवालं. मी फोन आपटला. हल्लीचा फोन आपटता येत नाही, पण मी आपटला.

काकांचं कोडं म्हणजे आमच्या घराची इभ्रत होती. नवा जावई आला, नवा तलाठी आला, गोवा मुक्त झाल्यावर मालवणाकडून नवा मास्तर आला, प्रत्येकाला काका ओसरीवर खुर्चीत, आमच्या भाषेत कदेलीत, बसवायचे, काजूची पहिली दारू उर्राक पुढे करायचे आणि कोडं घालायचे. काजूबियांचा एक ढीग आहे. दोन वाटे केले, एक उरली. तीन केले, एक उरली. चार, पाच, सहा, असं करत दहापर्यंत गेलो, दर वेळी एक उरलीच. अकरा वाटे केले तेव्हा काही उरलं नाही. सांगा, ढीग केवढा? समोरचा डोकं खाजवायचा, हसायचा, हरलो म्हणायचा. मग काका मिशीला हात लावून सांगायचे, पंचवीस हजार दोनशे. समोरचा म्हणायचा, वा. बस्स. आजपर्यंत एकाही शहाण्याने भागाकार करून पाहिला नाही. काकांना हे उत्तर त्यांच्या बापाने सांगितलं होतं, बापाला त्याच्या बापाने. बापाने सांगितलेल्या आकड्याला अकराने कोण भागणार?

मी भागला. म्हणजे भागावाच लागला. शाळेतलं माझं शेवटचं वर्ष, मॅट्रिकची परीक्षा तोंडावर, आणि परीक्षेचं केंद्र म्हापशाला. तरीने नदी ओलांडून जायचं आणि मावशीकडे राहायचं. हंगाम अगदी भरात. काकांनी सांगून टाकलं की हात कमी पडतात, परीक्षेला जायचं नाही. माझे वडील, बाबा, डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचे. आठवड्यातून एकदा लाल मातीने माखून घरी यायचे आणि थोरल्या भावापुढे तोंड उघडायचे नाहीत. आई मी लहान असतानाच गेली होती. शब्द टाकला तो मास्तरांनी. मास्तर आमच्याच आवारातल्या खोलीत राहायचे. काकांना म्हणाले, मुलीचं गणित चांगलं आहे, पुढे शिकेल, पाठवा. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांची मुलं भली आहेत.

काकांना मास्तरांचा शब्द मोडायचाही नव्हता आणि ठेवायचाही नव्हता. असल्या माणसांना कोडी फार उपयोगी पडतात. पोदेर पाव देऊन गेला होता, वेचायला आलेल्या बाया खळ्यावर चहा पीत होत्या, त्या सगळ्यांसमोर काका मला म्हणाले, "गणित येता म्हणतत मास्तर तुका. माझा कोडा सोडय. सुटला तर जा परीक्षेक. नाय सुटला तर गुमान बियो वेचूक लाग." आणि दिवे लागायच्या आत उत्तर सांगायचं.

उत्तर मला पाठ होतं हो. त्या घरात मांजरालाही पाठ होतं. पंचवीस हजार दोनशे म्हटलं असतं तर काका म्हणाले असते, ऐकलेलं सांगितलंस, हे सोडवणं नव्हे. म्हणून मी खरोखर सोडवायला बसले. बोंडं तुडवायच्या दगडी कुंडीत उभी होते, पाय रसात, पायांना चिकट माती, आणि डोक्यात लसावि.

ते गणित सांगतेच. ते इतकं देखणं आहे की त्याच्यावर चिडताही येत नाही. दोनपासून दहापर्यंत सगळ्यांनी निःशेष भाग जाईल अशी सर्वांत लहान संख्या दोन हजार पाचशे वीस. तिच्यात एक मिळवा, म्हणजे दहापर्यंत कितीही वाटे केलेत तरी एक उरणार. पण अकराने भाग जायला हवा, तो जात नाही. का जात नाही? दोन हजार पाचशे विसाला अकराने भागलं की एक उरतो. मग तीच संख्या दहा वेळा घ्या. दर खेपेचा एक, असे दहा उरतात. आणि तो वरचा एक, जो मघापासून प्रत्येक वाटपात नकोसा उरत होता, तो त्या दहांत टाका. अकरा झाले. संपलं. काही उरत नाही. दहा पटीत पंचवीस हजार दोनशे, अधिक एक. याच्या खाली असा दुसरा आकडा नाही. वर शोधायचा तर थेट बावन्न हजारांच्या पलीकडे जावं लागतं.

मी रसाच्या पायांनीच पळत ओसरीवर गेले आणि सांगितलं, पंचवीस हजार दोनशे एक.

काका हसले. "एक जास्त इलो," म्हणाले. "देवाचो एक मोजूचो नसता. हरलंस."

आता ही चूक दुसऱ्या कुठल्या मुलखात होणार नाही, ती आमच्याकडेच व्हायची. आमच्यात ढीग वाटायच्या आधी त्यातली एक बी काढून राखणदाराच्या दगडापुढे ठेवायची रीत. बाग तो राखतो, त्याचा मान. आणि त्याला दिलेलं मोजायचं नाही, मोजलं तर तो रागावतो. तेव्हा कधीतरी, कोणा पणज्याने, कोड्यातली उरलेली एक बी बघितली आणि म्हटलं असेल, ही तर राखणदाराची. आणि उत्तरातून ती गाळली. गाळली ती गाळलीच. दहापर्यंत सगळं सुरळीत चालतं, म्हणून कोणाला काही कळलं नाही. अकराव्या वाट्याला ती एक बी लागते हे बघायला अकराव्यापर्यंत कोणी पोचलंच नाही.

मी म्हटलं, काका, तुमच्या आकड्याला अकराने भागून बघा, दहा उरतात. काका म्हणाले, माझ्या बापापेक्षा तू शहाणी? मग मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर ओसरीच्या कडेला उभे होते. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता आणि ओठ हलत होते. ते भागाकार करत होते. तो पुरा झाला तेही मी बघितलं, कारण अंगठा थांबला. त्यांनी मान वर केली, काकांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाले, "काकांचा अनुभव मोठा आहे, बाळ."

काकांवरचा माझा राग समजण्यासारखा होता आणि तो त्यांच्याबरोबर बराचसा गेला. त्यांना येतच नव्हतं. मास्तरांना येत होतं. येत असताना मूग गिळून बसणाऱ्या माणसाला मी आजतागायत क्षमा केलेली नाही, आणि करायचा विचारही नाही.

परीक्षा झाली. माझ्यावाचून झाली. वर्गातल्या मुली तरीतून पलीकडे गेल्या तेव्हा मी बागेत वाकून पडकी बोंडं उचलत होते. बोंडाची बी पिळून काढायची, बोंड एका टोपलीत, बी दुसऱ्या. चिकाने बोटांची साल जायची. वेचणाऱ्या बाया आरोंद्याकडून, हद्दीपलीकडून यायच्या. त्या आपसांत म्हणायच्या की हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, कारण मी बिया मोजत होते. काजूबिया कोणी मोजत नाही, मापाने भरतात. मी मोजायची. दर संध्याकाळी ओसरीवर बसून पाच-पाचच्या मुठीने मोजून पोत्यात टाकायची. पहिले काही दिवस काकीने, म्हणजे काकांच्या बायकोने, कपाळाला हात लावला. मग एका संध्याकाळी काही न विचारता ती समोर येऊन बसली आणि तीही मोजायला लागली. काकी नवऱ्यापुढे बोललेली मी कधी ऐकली नव्हती. मला वाटलं होतं तिला बोलताच येत नाही.

पुढे मी शिक्षिका झाले. डिचोली तालुक्यातल्या शाळांतून गणित शिकवलं. नार्व्याच्या जवळ होते तेव्हा मुलांना तिथल्या सप्तकोटेश्वर देवाच्या नावातल्या सात कोटींचे मूळ अवयव पाडायला लावायची. सातावर सात शून्यं. अवयव पाडले की दोन सात वेळा येतो, पाच सात वेळा येतो आणि शेवटी एकटा सात. मुलं हरखून जायची. मीही जायची, खोटं कशाला बोलू. पण तो आकडा गोडबोल्या. दोन म्हणा, चार म्हणा, पाच, सात, आठ, दहा, येईल त्याच्याशी जमवून घेतो. माझ्या आकड्याचं तसं नाही. दोन आला, जा. तीन आला, जा. दहापर्यंत एकेकाला दारातून परत पाठवतो. अकराला तेवढा आत घेतो, पुढे एकोणतीस आणि एकोणऐंशी. तिन्ही मूळ संख्या, आणखी फोडायला जाल तर हात दाखवून अवलक्षण. निवृत्तीच्या समारंभात एक सहकारी बाई भाषणात म्हणाल्या की टीचर स्वतःच त्या आकड्यासारख्या आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणसाला आकडा म्हटलेलं मला खपत नाही, पण त्या दिवशी समोसे मागवले होते म्हणून गप्प राहिले.

मास्तरही एकदा भेटले. आमच्या शाळेत पाहुणे म्हणून आले, केस पांढरे झालेले, आणि व्यासपीठावरून सांगू लागले की ही माझी विद्यार्थिनी, हिला मीच घडवली. चहाच्या वेळी मी त्यांना कोपऱ्यात गाठलं आणि विचारलं, मास्तर, पंचवीस हजार दोनशेला अकराने भाग जातो का? त्यांना सगळं आठवत होतं. एका क्षणात चेहरा उतरला. म्हणाले, "तेव्हा माझी खोली काकांच्या आवारात होती, बाळ." मी म्हटलं, खोली होती खरी. आणि त्यांच्या बशीत बिस्किटं वाढून निघून आले. लोक म्हणतात म्हाताऱ्या माणसाला असं बोलू नये. मी तरी कुठे बोलले? खोली होती, एवढंच म्हटलं.

हंगामाचा शेवट सांगायचा राहिला. पावसाआधी खळ्यावर ढीग घालतात. मी आणि काकीने मोजून ठेवलेली पोती तेवढी खळ्यावर रिकामी केली, बाकीच्या बिया आत ठेवल्या. काका रिवाजाप्रमाणे आले, ढिगातली एक बी उचलली आणि किंदळीच्या झाडाखालच्या राखणदाराच्या दगडापुढे ठेवली. मी म्हटलं, काका, आता या ढिगाचे अकरा वाटे करू द्या. काकांना कौतुक वाटलं, पोरीची हौस अजून फिटली नाही म्हणाले, कर. आरोंद्याच्या अकरा बाया गोल बसवल्या. त्यांनी पाच-पाच बिया उचलत टोपल्या भरायला घेतल्या. सकाळ सगळी त्यात गेली. बाबा त्या दिवशी घरी होते, ट्रकला टेकून उभे होते. ढीग खाली खाली गेला आणि शेवटी चटईवर दहा बिया राहिल्या. दहा बायांनी एकेक घेतली. अकराव्या बाईचा हात रिकामा राहिला. ती हात पसरून तशीच बसली होती आणि हसत होती, तिला वाटलं हा खेळ आहे.

काका म्हणाले, मोजण्यात चूक.

तेव्हा काकी ओसरीवरून खाली आली. तिचा पदर खोचलेला होता. "ढीग पंचवीस हजार दोनशे एकाचो," ती म्हणाली. "मी मोजलंय. एक तुमी काढलास."

मी उठले, किंदळीखाली गेले, दगडापुढची बी उचलली आणि आणून अकराव्या बाईच्या टोपलीत टाकली. ती बाई टोपली सोडून मागे सरकली. काकांची पाचावर धारण बसली. बापाचा आकडा चुकला याचं त्यांना काही नव्हतं, ते त्यांच्या कानापर्यंतसुद्धा पोचलं नाही. त्यांना राखणदार दिसत होता. म्हणाले, हिला घरात ठेवू नका, आजच्या आज बाहेर काढा, हे घर बसेल. आणि मग पहिल्यांदाच बाबा काहीतरी बोलले. भावाला नव्हे, मला. "गाडयेत बस," म्हणाले.

ट्रकमधून आम्ही थेट कारापूरला मामाकडे गेलो. तिथल्या शाळेत नाव घातलं. पुढच्या हंगामात मी परीक्षेला बसले. म्हणजे बघा, काकांनी हाकललं म्हणून मी शिकले. असं म्हणणारे बरेच भेटतात, सगळं भल्यासाठीच झालं म्हणणारे. त्यांचं एक वर्ष कोणी काढून घ्यावं आणि मग विचारावं. काकी मात्र त्या घरातच राहिली, आणि एका वाक्याचं तिला काय भोगावं लागलं ते मला कोणी सांगितलं नाही. आमच्या बागेत पुढे वणवा लागला, काका पायरीवरून घसरले, श्रीपादच्या बापाचा धंदा बुडाला, सगळ्याचं खापर त्या एका बीवर, पर्यायाने माझ्यावर. आणि आता झाडं सुकली.

गेले मी पार्स्याला. जायचं नाही असं ठरवलं होतं, पण काकीच्या फोटोला हार घालायचा होता. खळं तेच, किंदळ तीच, दगड शेंदराने जाडा झालेला. भावकी जमलेली. गावच्या जाणत्या म्हाताऱ्याला गाऱ्हाणं घालायला बोलावलं होतं. श्रीपादने माझ्या हातात एक काजूबी दिली आणि मला दगडासमोर उभं केलं. बी चांगली टपोरी होती. म्हाताऱ्याने हात जोडले आणि सुरुवात केली, "बा राखणदारा म्हाराजा, ह्या घरच्या चेडवान अजाणतेपणी तुझी बी उचलल्यान, ती चूक पोटात घाल रे म्हाराजा." मागून सगळ्यांनी एका आवाजात साद दिली, होय म्हाराजा.

"नाय म्हाराजा," मी म्हटलं.

म्हातारा वळून बघायलाच लागला. गाऱ्हाण्याला नाय म्हणता येतं हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही तोपर्यंत नव्हतं. मी त्याला सांगितलं, अजाणतेपणी नाही, जाणूनबुजून उचलली, तसं म्हणा. आणि ढीग पंचवीस हजार दोनशे एकाचा होता, तेही म्हणा. श्रीपाद माझा दंड धरायला आला, आत्ये, आत्ये करत. मी नुसतं बघितलं, तो थांबला. गाऱ्हाणं अर्धवट सोडणं म्हणजे मोठा दोष, त्यामुळे म्हाताऱ्यालाही सुटका नव्हती. त्याने घसा साफ केला आणि दगडाला सांगितलं की चेडवाने जाणून उचलली आणि ढीग पंचवीस हजार दोनशे एकाचा होता म्हाराजा. मागून भावकी एका आवाजात म्हणाली, होय म्हाराजा.

त्यांना काय, उद्या पंचवीस हजार दोनशे म्हटलं तरी ते होयच म्हणतील. पण त्या खळ्यावर तो आकडा एकदा मोठ्याने म्हटला गेला, आणि काकीच्या फोटोला ओसरीवरून तो ऐकू जाण्यासारखा होता. तेवढ्यासाठीच मी गेले होते. मला जरा रडू आलं. राग आला की मला रडू येतं, त्याचा कोणी दुसरा अर्थ काढू नये.

श्रीपाद खुणावत होता, आता ठेव, आता ठेव. मी हातातली बी पर्समध्ये टाकली आणि बस पकडली. राखणदाराची बी त्या अकराव्या बाईच्या टोपलीत कधीच गेली, वाटणी पुरी झाली, आता देणं कसलं? घरी येऊन ती बी चिमट्यात धरून गॅसवर भाजली. सालीतलं तेल उडून मनगटावर डाग पडला. फोडून आतला गर खाल्ला. आणि मग जनेल उघडलं.